नोटिफिकेशन दाबल्यावर भावाचं पान कोरं येतं, डेटा कुठे गळतो?

कपाशी_कोड:
राम राम मंडळी. हिंगणघाट, वणी, पांढरकवडा भागात कापूस-सोयाबीनचे भाव कळवणारं अँड्रॉइड अ‍ॅप आहे, कोटलिन भाषेतलं. फायरबेस या गूगलच्या सेवेतून जाणाऱ्या संदेशात नोटिफिकेशनही असतं आणि डेटाही: बाजार, पीक, किमान, कमाल. अ‍ॅप समोर उघडं असलं की संदेश आल्यावर चालणाऱ्या ऑन-मेसेज-रिसीव्ह्ड फंक्शनमध्ये चारही मिळतात. मागे असलं की नोटिफिकेशन दिसतं, पण दाबल्यावर पान कोरं, त्या फंक्शनचा लॉगही नाही. शिवाय अ‍ॅप उघडं असताना वणी आणि हिंगणघाट अशी दोन आली, तर कोणतंही दाबा, आधी आलेला वणीचाच भाव उघडतो. सर्व्हरला फायरबेसचं उत्तर दरवेळी २०० (म्हणजे यशस्वी) येतं.

संत्राबाग_४४:
भाऊ, २०० म्हणजे फायरबेसने संदेश घेतला एवढंच. फोनपर्यंत पोचला, असं नाही.

लॉग पडत नाही ते बरोबरच आहे. संदेशात नोटिफिकेशन आणि डेटा दोन्ही असले आणि अ‍ॅप मागे असलं, की नोटिफिकेशन सिस्टिमच दाखवते आणि ते फंक्शन बोलावलंच जात नाही. डेटा दाबल्यावर येतो, लाँचर (आयकॉन दाबल्यावर पहिली उघडणाऱ्या) अ‍ॅक्टिव्हिटीच्या इंटेंटमध्ये (पान उघडायचा निरोप), एक्स्ट्रा म्हणून (निरोपासोबत जोडलेली माहिती). तुमची लाँचर अ‍ॅक्टिव्हिटी स्प्लॅश (सुरुवातीला क्षणभर दिसणारं पान) आहे का? ती मुख्य पानासाठी नवा इंटेंट बनवत असेल, तर डेटा तिथेच सांडतो. पुट-एक्स्ट्राज करून पुढे द्या. मुख्य अ‍ॅक्टिव्हिटी सिंगल-टॉप (वर उघडी असली तर नवी न बनवता तीच वापरायची) असेल तर ऑन-न्यू-इंटेंटमध्ये सेट-इंटेंट करा, नाहीतर गेट-इंटेंट जुनाच देत राहतो.

आणखी एक: फायरबेसच्या डेटात प्रत्येक किंमत स्ट्रिंगच (मजकूर, आकडा नव्हे) असते. कमाल भाव गेट-इंट-एक्स्ट्राने वाचला तर डीफॉल्ट ० मिळेल. स्ट्रिंग वाचा, मग आकडा करा.

दोन्हीकडे वणी दिसतं ते पेंडिंग इंटेंटमुळे, म्हणजे नोटिफिकेशन दाबल्यावर चालवायला राखून ठेवलेल्या इंटेंटमुळे. दोन इंटेंट एकच आहेत का हे ठरवताना अँड्रॉइड एक्स्ट्रा पाहतच नाही. रिक्वेस्ट कोड (पेंडिंग इंटेंट बनवताना द्यायचा ओळख-आकडा) दोन्हींना ० असला की जुनाच परत मिळतो. नुसतं फ्लॅग-अपडेट-करंट लावलं तर उलटं होईल, दोन्ही हिंगणघाट दाखवतील. म्हणून प्रत्येक नोटिफिकेशनला वेगळा रिक्वेस्ट कोड द्या आणि अपडेट-करंटसोबत इम्यूटेबल (नंतर बदलता न येणारा) लावा. अँड्रॉइड १२ पासून म्यूटेबल की इम्यूटेबल हे सांगावंच लागतं.

रेंज_नाही:
वावरात रेंज नसते, त्याचाही हिशोब धरा बापा. फायरबेस न पोचलेला संदेश मुळात ४ आठवडे धरून ठेवतं, म्हणजे परवाचा भाव आज वाजेल आणि त्या भरवशावर कोणी गाडी भरेल. भावासाठी टीटीएल (संदेश धरून ठेवायची मुदत) १२ तास, म्हणजे ४३२०० सेकंद पुरे. कोलॅप्स-की (ती सारखी असली की नवा संदेश जुन्याची जागा घेतो) सगळ्या बाजारांना एकच ठेवली तर रेंज येईपर्यंत शेवटचाच संदेश उरतो. बाजारागणिक वेगळी ठेवा, पण एका फोनसाठी एकावेळी ४ च की धरल्या जातात.

नुसता डेटा पाठवला तर अ‍ॅप मागे असतानाही फंक्शन चालतं, पण प्रायॉरिटी हाय लागते. नॉर्मल असली तर संदेश डोझमध्ये (पडून असलेल्या फोनची बॅटरी वाचवणारी झोप) अडकतो. काम २० सेकंदांत संपवा: आधी रूममध्ये (फोनमधला डेटाबेस) साठवा, मग नोटिफिकेशन दाखवा. मर्यादा ४०९६ बाइटची आहे आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, तेव्हा बाजाराचं नाव नको, कोड पाठवा.

संत्राबाग_४४:
तपासताना चार अवस्था वेगळ्या धरा: समोर, होम दाबून मागे, रिसेंटमधून काढलेलं, फोर्स-स्टॉप. शेवटच्या अवस्थेत हाताने उघडेपर्यंत काहीच येत नाही, त्यात कोड शोधत बसू नका. काही स्वस्त फोनवर रिसेंटमधून काढलं तरी तसंच होतं, तिथे सेटिंगमध्ये ऑटोस्टार्ट चालू करून पाहा. प्रत्येक अवस्थेत इंटेंटमधल्या सगळ्या की लॉग करा.

कपाशी_कोड:
स्प्लॅशच होता. एक्स्ट्रा पुढे दिल्यावर बाजार आणि पीक आलं, किमान-कमाल मात्र ०. स्ट्रिंग वाचल्यावर तेही आले. रिक्वेस्ट कोड आता बाजाराच्या कोडवरून देतो आहे, वणी-हिंगणघाट वेगळे उघडतात. टीटीएल बदलून पाठवणं सुरू केलं.