शिकेकाईचं पाणी डोळ्यांत उतरतं, घट्ट कशाने करू?

वेंगुर्लेकरीण
नमस्कार मंडळी. विकतचा शॅम्पू सोडून वर्ष होत आलं. शिकेकाई, रिठा, आवळकाठी रात्री भिजत घालते, सकाळी उकळून गाळते. केस छान आहेत, तक्रार नाही. पण हे पाणी म्हणजे निव्वळ पाणी! डोक्यावर ओतलं की अर्धं पाठीवरून मोरीत आणि उरलेलं डोळ्यांत. लेक तर न्हाणीघराचं दार धरून उभी राहते, आत यायलाच तयार नाही.

म्हणून गेल्या आठवड्यात दोन चमचे कॉर्नफ्लोअर कालवून त्यातच शिजवलं. पहिल्या दिवशी खिरीसारखं झालं, मी खूश. दुसऱ्या दिवशी वर पाणी, खाली खळ. चौथ्या दिवशी झाकण उघडलं तर आंबलेल्या पेजेचा वास. त्यात पावसामुळे दोन दिवस लाइट नव्हती, म्हणजे फ्रीज असून नसल्यासारखा. तुम्ही काय वापरता? बाटली निदान पंधरा दिवस टिकायला हवी.

कुडाळची काकू
अगो, दारात जास्वंद असेल ना? गावठी, लाल, एकेरी. पंधरा-वीस पानं घे, पाण्यात हाताने कुस्कर. मिक्सर नको, चोथा बारीक होतो आणि केसांतून निघता निघत नाही. दोन-तीन मिनिटांत पाणी असं बुळबुळीत होतं की बोटांमधून तार सुटते. पंचातून पिळून घे, शिकेकाईत मिसळ आणि लगेच न्हा. आम्ही लहानपणापासून हेच केलं. बाटलीत भरायच्या फंदात पडू नको, संध्याकाळपर्यंतच ते ठीक असतं.

खाडीपल्याड
मी जवस वापरते. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं दिसलं की गॅस बंद आणि गरम असतानाच गाळायचं. मी एकदा फोनवर बोलत बसले, ते गार झालं. मग गाळणीतून एक थेंब उतरेना. शेवटी जुन्या मोज्यात भरून पिळलं (धुतलेला होता, हसू नका).

पण हे न्हाऊन झाल्यावर केसांना लावायला जास्त चांगलं, कुरळे केस जागेवर राहतात. फ्रीजमध्ये आठवडाभर.

साबणवाला दादा
वेंगुर्लेकर ताई, कॉर्नफ्लोअरची खळ गार झाली की पाणी सोडतेच, आणि शिकेकाईचा काढा आंबट, त्यात ती आणखी लवकर ढिली पडते. शिवाय जंतूंना ते आयतं जेवण.

तुम्हाला झँथन गम हवा, घट्टपणा आणणारी पूड. बेकरीचं सामान मिळतं तिथे असतो. ५०० ग्रॅम काढ्याला ४ ग्रॅम, म्हणजे ०.८ टक्के. चमच्याने मोजू नका, सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या. आता मुख्य गोष्ट: पूड थेट पाण्यात टाकलीत तर गुठळ्या होतील, बाहेरून चिकट, आत कोरड्या, आणि त्या दिवसभर फेटल्या तरी मोडत नाहीत. आधी २० ग्रॅम ग्लिसरीनमध्ये पूड कालवा, मग काढ्याची बारीक धार धरून रवीने घुसळा. सुरुवातीला पातळच वाटेल. म्हणून लगेच आणखी गम टाकू नका, दोन-तीन तास थांबा. मी पहिल्यांदा घाई केली आणि सकाळी बाटली उलटी धरली तरी थेंब पडेना.

याची गंमत अशी की हलवलं की पातळ होतं, ठेवलं की पुन्हा घट्ट. बाटलीतून सहज येतं आणि डोक्यावर बसून राहतं. तुमच्या लेकीचा प्रश्न तिथेच सुटला.

पण घट्ट झालं म्हणजे टिकलं असं नाही. आत पाणी आहे तोवर ते नासणारच. आपल्याकडे कोकम सरबतात घालतात ते सोडियम बेंझोएट ०.५ टक्के, म्हणजे ५०० ग्रॅमला अडीच ग्रॅम, काढा गार झाल्यावर विरघळवा. ते आंबट माध्यमातच काम करतं. पीएच पट्टीवर (आंबटपणा दाखवणारा कागद, आकडा जितका कमी तितकं आंबट) ५ च्या वर दिसलं तर चिमूट चिमूट सायट्रिक अ‍ॅसिड घालून ४.५ पर्यंत आणा. बुरशीवर ते चांगलं, जीवाणूंवर तेवढं नाही, तेव्हा एका वेळी पंधरा दिवसांपुरतंच करा आणि बाटलीत ओला हात घालू नका. वास बदलला तर सरळ ओतून द्या.

मालवणी मिरची
दादा, जेल करायची पूड मिळते ती, कार्बोपोल, चालेल का? ऑनलाइन जेलचे व्हिडिओ बघितले, काचेसारखं पारदर्शक दिसतं.

साबणवाला दादा
दिसतं सुंदर, पण शिकेकाईत नको. कार्बोपोल आम्लात घट्ट होत नाही, त्याचं आम्ल मारावं लागतं. वर मिठाशी त्याचं वाकडं. तुमच्याकडे खाडीकाठची विहीर असेल आणि पाणी मचूळ असेल तर जेल बघता बघता पातळ होतं. झँथनला मिठाचं फारसं काही वाटत नाही.

आणि खाडीपल्याड ताई, जवसाच्या जेलमध्ये ग्लिसरीन घालत असाल तर पावसाळ्यात बंद करा. हवेतला दमटपणा ओढून केस फुगतात. धुऊन टाकायच्या शॅम्पूत त्याने बिघडत नाही.

खाडीपल्याड
अरे देवा! म्हणजे जुलैमध्ये माझं डोकं नारळाच्या काथ्यासारखं होतं ते यामुळे? मी पावसाला शिव्या घालत होते.

कुडाळची काकू
शॅम्पूत माका पण घाल गो. बाजारात माळीण बसता तिका सांग, "माका माका व्हयो". ती दोनदा देता काय बघ.

वेंगुर्लेकरीण
काकू 😂
काल केलं. काटा नव्हता, वाण्याकडून पुडी मोजून आणली. दोन-चार गुठळ्या राहिल्या, गाळून घेतल्या. सकाळी लेकीच्या डोक्यावर घातलं, जिथे घातलं तिथेच राहिलं. ती डोळे मिटून वाट बघत होती, मग एक डोळा उघडून म्हणाली, "संपलं?"

पीएच पट्टी इथे कुठे मिळेना. कुणी सावंतवाडीला जाणार असेल तर सांगा, माझ्यासाठी एक पाकीट आणा. तोपर्यंत एका आठवड्यापुरतंच करते.