नांदूर मधमेश्वर पाहिलंय? अनुभव लिहा

पावसाळ्यात 'नांदूर मधमेश्वरमधून जायकवाडीकडे इतके क्युसेक विसर्ग' ही बातमी सगळ्यांनी ऐकलेली असते. त्याच बंधाऱ्यामागे, गोदावरी-कडवा संगमावर पक्षी अभयारण्य आहे. २०२० मध्ये जाहीर झालेलं राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). काय दिसलं, काय खटकलं, सगळं येऊ द्या.

कडवाकाठ: आम्ही निफाडकडचे. बंधारा इंग्रजांच्या काळातला. मागं गाळ साचत गेला, बेटं झाली, पाणी उथळ झालं. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हे नुकसानच, पण लांब पायाच्या पक्ष्यांची चंगळ! चमचे (चमच्यासारख्या चोचीचे पक्षी) ओळीनं उभे राहतात आणि अर्धवट उघडी चोच डावी-उजवीकडं फिरवत पुढं सरकतात. मात्र पाणी वर असलं की तीच जागा रिकामी. निघण्याआधी चापडगावच्या गाईडला फोन करून 'पाणी किती आहे' तेवढं विचारा. तारखेपेक्षा ते महत्त्वाचं. लोक डिसेंबर बघून येतात आणि आवर्तनाच्या (कालव्याला पाणी सोडायच्या पाळीच्या) नावानं बोटं मोडत परत जातात.

ठाणेकर: रविवारी उशिरा पोचलो. मनोऱ्यावर जत्रा, कुणाच्या तरी स्पीकरवर गाणी. वैताग आला होता. तेवढ्यात गाईडदादा म्हणाले, "ते राहू द्या साहेब, इकडं या." दुर्बिणीत जांभळी पाणकोंबडी! लव्हाळ्याचा दांडा पायाच्या बोटांत कणसासारखा धरून सोलत होती. लाल चोच, लाल पाय, उन्हात निळा-जांभळा रंग. लेक दुर्बीण सोडेना.

नवशी दुर्बीण: मला थापट्या बदकं आवडली. घोळक्यानं गोल गोल फिरत राहतात, ढवळून वर आलेलं फावड्यासारख्या चोचीनं गाळून खातात. दुर्मीळ नाहीत म्हणून फोटोवाले ढुंकूनही बघत नाहीत. त्यांचंच नुकसान.

सिन्नरकर: पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेले रानहंस) बघायचे तर पहाटेच या. हिमालय ओलांडून आलेले पाहुणे, पण उतरतात आमच्या वावरात, गव्हाच्या कोंबांवर! शेजारचे काका त्यांना हाकलतात आणि पुण्याहून पाहुणे आले की हेच पक्षी दाखवायलाही नेतात.

ठाणेकर: @सिन्नरकर, काकांना विचारून ठेवा, जानेवारीत आम्ही येतोय. पाणी बघूनच निघू.