ट्रॅक्टरवरची स्क्रीन ठरावीक रेसलाच इतकी का थरथरते?

प्रश्न

नमस्कार. आमच्याकडे तीन सिलिंडरचा, केबिन नसलेला ट्रॅक्टर आहे आणि त्यावर उपग्रहाच्या संदेशावर सरळ रेषेत चालणारा स्वयंचलित स्टीअरिंगचा संच बसवून घेतला आहे. सोयाबीनची पेरणी आम्ही बीबीएफ यंत्राने, म्हणजे रुंद वरंबा सरी पद्धतीने करतो. सरी एकदा वाकडी गेली की कोळपणीपासून फवारणीपर्यंत पुढचे प्रत्येक काम अडते, म्हणून हा खर्च केला.

संचासोबत आलेली १० इंची स्क्रीन मागच्या लोखंडी पट्टीसह सुमारे दीड किलोची आहे. बसवणाऱ्याने ती उजव्या मडगार्डच्या पत्र्याला भोके पाडून, २० मिमी बाहेरील व्यासाच्या व दीड मिमी जाडीच्या गोल पाइपावर उभी केली आहे. पत्र्यापासून स्क्रीनच्या मध्यापर्यंत पाइपाची लांबी ३५ सेंमी भरते. अडचण अशी की, मिनिटाला ९५० फेऱ्यांच्या आसपास, बांधावर वळताना, अक्षरे पुसल्यासारखी होतात. त्यानंतर स्क्रीन बरीच स्थिर होते आणि १४५० च्या सुमारास, म्हणजे नेमकी पेरणीच्या रेसला, पुन्हा थरथरते. रेषेपासून आपण किती सेंटिमीटर बाजूला गेलो आहोत हा आकडाच तेव्हा वाचता येत नाही. १८०० च्या पुढे मात्र फारसा त्रास नाही.

गावातल्या वर्कशॉपमध्ये पाइपाच्या बुडाखाली रबराचा पॅड टाकून पाहिला. पेरणीच्या रेसला थोडा फरक पडला, पण आता उभ्या ट्रॅक्टरवर स्लो रेसमध्ये, ८०० फेऱ्यांच्या आसपास, स्क्रीन पूर्वी कधी हलली नव्हती इतकी हलते. रबर अधिक मऊ घ्यावे, अधिक जाड घ्यावे, की मुळात पाइपच बदलावा? ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया कारणासह सांगावे.

पहिला प्रतिसाद

आपण फेऱ्यांचे आकडे दिलेत हे फार चांगले झाले, कारण या प्रश्नाचे बहुतेक उत्तर त्या आकड्यांतच आहे. चार स्ट्रोकच्या तीन सिलिंडर इंजिनात क्रँकच्या दर दोन फेऱ्यांत तीन स्फोट होतात, म्हणजे एका फेऱ्यामागे दीड. मिनिटाला ९५० फेरे म्हणजे सेकंदाला १५.८ फेरे आणि त्याच्या दीडपट, सुमारे २३.८ स्फोट. आता १४५० फेरे घ्या. सेकंदाला २४.२ फेरे होतात. दोन्ही ठिकाणी उत्तर २४ हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला २४ वेळांच्या) आसपास येते, आणि तीच आपल्या पाइप-स्क्रीनच्या जोडणीची नैसर्गिक वारंवारता आहे, म्हणजे ठोकून सोडल्यावर ती स्वतःहून सेकंदाला तितक्या वेळा हलते. ९५० ला तिला स्फोटांचे धक्के सापडतात आणि १४५० ला क्रँकच्या फेऱ्याचे. दुखणे एकच आहे, ते दोन वेगवेगळ्या रेसला दिसते एवढेच.

क्रँकच्या फेऱ्याला धक्का का बसावा, असा प्रश्न येथे पडू शकतो. तीन सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनची वर-खाली होणारी मुख्य बले एकमेकांना तोलतात, परंतु पिस्टन एका ओळीत पुढे-मागे असल्यामुळे इंजिनाला पुढून वर व मागून खाली डोलवणारे बलयुग्म, म्हणजे उलट दिशांच्या बलांची जोडी, शिल्लक राहते आणि ते प्रत्येक फेऱ्याला एकदा येते. मोटारीत हे डोलणे इंजिनाखालच्या रबरी माउंटिंगमध्ये बरेचसे जिरते. बहुतेक ट्रॅक्टरांत इंजिन, क्लच हाउसिंग आणि गिअरबॉक्स बोल्टने एकमेकांना जोडून त्यांचाच कणा केलेला असतो, त्यामुळे ते थेट ॲक्सलपर्यंत आणि तेथून मडगार्डपर्यंत पोहोचते.

आपल्या मापांवरून हिशेब करून पाहिला. तो ३५ सेंमीचा पाइप बुडाशी पूर्णपणे ताठ धरला असता, तर दीड किलोच्या स्क्रीनसह त्याची वारंवारता सुमारे २९ हर्ट्झ आली असती. प्रत्यक्षात ती २४ आहे. हा फरक मडगार्डच्या पत्र्याचा आहे. एकूण लवचिकतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश वाटा पत्र्याकडे आणि उरलेला पाइपाकडे जातो, त्यामुळे नुसता पाइप जाड करून काम भागणार नाही, जागाही बदलावी लागेल.

रबराने काय केले तेही यातच दिसते. पॅड म्हणजे त्याच साखळीतली आणखी एक लवचिक कडी. वारंवारता २४ वरून साधारण २० वर उतरली, आणि २० हर्ट्झ म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्यांवर होणारे स्फोट. आपली स्लो रेस तीच आहे.

रबर वाईट आहे असे माझे म्हणणे नाही, पण त्याचा नियम कठोर आहे. धक्क्याची वारंवारता जोडणीच्या नैसर्गिक वारंवारतेच्या १.४ पटींहून अधिक असेल तेव्हाच रबर कंपन अडवते, त्याखाली ते कंपन वाढवते किंवा जसेच्या तसे पुढे पाठवते. आपल्या ट्रॅक्टरवरचा सर्वांत खालचा धक्का ७५० फेऱ्यांना १२.५ हर्ट्झचा. तो नीट अडवायचा तर स्क्रीन ६ हर्ट्झच्या आसपास तरंगती ठेवावी लागेल आणि त्यासाठी रबर स्क्रीनच्या नुसत्या वजनाने सुमारे ७ मिमी दबले पाहिजे. इतक्या मऊ आधारावरची स्क्रीन बोट लावताच मागे जाईल. शिवाय मागे स्प्रिंग नसलेला ट्रॅक्टर स्वतःच्या टायरवर २ ते ४ हर्ट्झने उसळतो, त्या उसळीला ती ढेकळांत डोलत राहील ते वेगळेच. शेतकामाच्या स्क्रीनला हा मार्ग मला योग्य वाटत नाही.

म्हणून उलट दिशेने जावे. २२०० फेऱ्यांना स्फोट ५५ हर्ट्झचे होतात, तेव्हा जोडणी ८० हर्ट्झच्या वर नेली की इंजिनाचे मोठे धक्के तिला कोठेच गाठणार नाहीत. टोकाला वजन असलेल्या दांड्याची लांबी निम्मी केली की ताठपणा आठपट होतो आणि वारंवारता जवळजवळ २.८ पट. आपल्याच पाइपाऐवजी २५ मिमी चौकोनी, २ मिमी जाडीचा, २५ सेंमी लांब पाइप पक्क्या बुडावर असेल, तर हिशेब १०० हर्ट्झच्या आसपास येतो. पक्के बुड कोठे मिळेल हे प्रत्यक्ष काम करणारेच अधिक चांगले सांगू शकतील.

दुसरा प्रतिसाद

माझे शेतीअवजारांचे वर्कशॉप आहे आणि असे संच दुरुस्तीला येतात तेव्हा बहुधा मडगार्डवरच बसवलेले असतात, कारण तेथे भोक पाडणे सोपे असते. मडगार्डचा पत्रा म्हणजे ताणलेला ढोल आहे. कडेला घडी असल्याने तो तेथे जरा ताठ असतो, पण मध्यभागी अंगठ्याने दाबले तरी आत जातो, आणि तेथे पाइप उभा केला की बोल्टच्या भोकापासून पत्रा चिरत जातो. आपल्या पत्र्यावर भोकाच्या कडेला रंग उडून बारीक काळी रेघ दिसते का ते आधी पाहावे. चीर पडण्याची सुरुवात तशीच होते.

पक्के बुड म्हणजे मागच्या ॲक्सलचे बिडाचे घर, ज्याला आम्ही ट्रम्पेट म्हणतो. मडगार्डचे ब्रॅकेट त्यालाच बोल्टने जोडलेले असते. त्याच बोल्टांच्या खाली ८ मिमी जाडीची पट्टी घेऊन तिच्यावर ४० मिमी चौकोनी पाइपाचा खांब उभा करावा. फक्त बोल्ट पट्टीच्या जाडीइतके लांब आणि त्याच ग्रेडचे घ्यावेत. बिडावर वेल्डिंग करू नये आणि नवीन भोकही पाडू नये. खांब उंच होतो हे खरे, म्हणून त्याच्या वरच्या तिसऱ्या भागातून एक तिरपा टेकू काढून मडगार्डच्या पुढच्या ब्रॅकेटला बांधावा, आणि शक्य असल्यास दुसरा टेकू आडव्या दिशेने सीटच्या चौकटीकडे न्यावा. सीट स्वतः स्प्रिंगवर असेल तर तिच्या खालच्या पक्क्या भागाला बांधावा, हलणाऱ्या भागाला नव्हे. एकाच दिशेने टेकू दिला की खांब दुसऱ्या दिशेने डोलतो, आणि डोळ्याला आडवी थरथर उभ्या थरथरीइतकीच जाचते.

स्क्रीनच्या मागे जो गोळ्याचा सांधा असतो तो एक इंची असेल तर दीड इंची घ्यावा आणि मधला दुहेरी सांध्याचा हात शक्य तितका आखूड ठेवावा. खांब कितीही भक्कम केला आणि वर लांब हात ठेवला तर केलेले काम फुकट जाते. खांबाला जागेवर वेल्डिंग करायचे असल्यास बॅटरीच्या दोन्ही वायर सोडाव्यात आणि स्क्रीन व कंट्रोलरचे कनेक्टर काढून ठेवावेत.

आणखी एक गोष्ट. हाच ट्रॅक्टर रोटाव्हेटरवर चालवत असाल तर पीटीओ शाफ्टकडेही, म्हणजे ट्रॅक्टरमागून अवजार फिरवणाऱ्या शाफ्टकडेही पाहावे. ५४० फेऱ्यांचा शाफ्ट म्हणजे सेकंदाला ९ फेरे. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे सांध्याचे दुबेळके, एका रेषेत नसतील किंवा दोन्ही सांध्यांचे कोन सारखे नसतील, तर प्रत्येक फेऱ्याला दोन झटके बसतात, म्हणजे १८ हर्ट्झ. रबर पॅड लावलेल्या जोडणीला ते फार जवळचे आहे.

तिसरा प्रतिसाद

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. वाहनांतील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्तीचे काम करत असल्यामुळे दोन बाबींची भर घालतो.

वाचता येणे हा प्रश्नाचा अर्धा भाग झाला. डोके हलते तेव्हा कानातल्या तोल राखणाऱ्या इंद्रियाकडून मिळालेल्या सूचनेवर डोळे आपोआप उलट दिशेने फिरतात आणि दृश्य स्थिर ठेवतात, पण आपण स्थिर आणि स्क्रीन हलती असेल तेव्हा डोळ्यांना ही मदत मिळत नाही. हलत्या वस्तूचा पाठलाग ते सेकंदाला एक-दोन हेलकाव्यांपर्यंतच नीट करू शकतात. २४ हर्ट्झला ते शक्यच नाही. त्यामुळे थरथर कमी झाल्यावरही आकडा मोठा दिसेल अशी मांडणी स्क्रीनच्या सेटिंगमध्ये निवडावी, पेरणीच्या वेळी नकाशापेक्षा तो एक आकडा महत्त्वाचा असतो.

दुसरा भाग आतल्या नुकसानीचा. अशा थरथरीने सर्वांत आधी जातो तो कनेक्टर. पिना एकमेकींवर अतिसूक्ष्म घासतात, मुलामा उडतो, त्यावर ऑक्साइड चढते आणि मग स्क्रीन मध्येच बंद पडू लागते. लोक स्क्रीनला दोष देतात, आणि दोष वायरच्या लोंबण्याचा असतो. कनेक्टरपासून चार बोटांवर वायर खांबाला पट्टीने घट्ट बांधावी आणि त्या दोन बिंदूंमध्ये छोटा सैल वळसा ठेवावा. वायर ताणून बांधू नये.

बोल्टांबाबत एक सांगतो. स्प्रिंग वॉशरवर विसंबू नये. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिले की, बोल्टने धरलेले भाग आडवे सरकू लागले की आटे स्वतःहून सुटत जातात. त्याच्या पद्धतीने घेतलेल्या चाचण्यांत साधा स्प्रिंग वॉशर हे सुटणे रोखू शकत नाही. आत नायलॉनची कडी असलेला नायलॉक नट वापरावा किंवा आट्यांवर मध्यम ताकदीचे निळे थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारे चिकट द्रव्य लावावे, आणि मुख्य म्हणजे बोल्ट पुरेसा आवळावा. रबर पॅड मध्ये असला की नेमके हेच होत नाही, कारण रबर हळूहळू बसते आणि आवळ कमी होत जाते.

प्रश्नकर्त्याचा पुन्हा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पत्र्यावर भोकाच्या कडेला तशी रेघ आहे, त्यामुळे मडगार्डवरून स्क्रीन काढण्याचा निर्णय पक्का झाला.

पहिल्या प्रतिसादावरून मनात आले म्हणून इंजिन बंद ठेवून एक तपासणी केली. जर्मनीतल्या आखेन येथील तंत्रविद्यापीठाचे ‘फायफॉक्स’ नावाचे मोफत ॲप आहे, त्यात फोनच्या त्वरणमापकाचा वारंवारतेनुसार आलेख मिळतो. फोन स्क्रीनच्या मागे चिकटपट्टीने घट्ट बांधला आणि स्क्रीनच्या कडेला मुठीने हलकेच ठोकले. रबर काढून टाकल्यावर आलेखाचे शिखर २२ ते २३ हर्ट्झच्या दरम्यान आले, रबरासह १९ च्या थोडे खाली.

ट्रम्पेटपासून खांब केला तर स्क्रीनपर्यंत उंची ७० सेंमीच्या आसपास होईल. दोन टेकू दिल्यावरही वारंवारता ८० पर्यंत जाईल का, आणि गेली नाही तर पुढे काय करावे?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

आपले मोजमाप हिशेबाशी उत्तम जुळते. फोनचे वजन साधारण २०० ग्रॅम धरले तर दीड किलोवर तेवढी भर पडल्याने वारंवारता सुमारे सहा टक्क्यांनी कमी दिसते, म्हणजे फोन नसताना ती २४ आणि रबरासह २० भरते.

टेकू नसलेला ७० सेंमीचा खांब ८० पर्यंत जाणार नाही. टेकूंमुळे डोलणारी लांबी फक्त टेकूच्या वरची, म्हणजे २० ते २५ सेंमी उरते आणि तेव्हा ८० आवाक्यात येते. मात्र टेकूचे खालचे टोक पत्र्यावर टेकले असेल तर तो टेकू हिशेबात धरूच नका. खांब उभा केल्यावर हीच ठोकण्याची तपासणी पुढून आणि बाजूने, अशी दोन्ही दिशांनी करावी. ज्या दिशेचा आकडा कमी येईल त्या दिशेचा टेकू सुधारावा.

६५ हर्ट्झपर्यंत पोहोचलात तरी अडचण नाही. ५५ हर्ट्झचा स्फोट तेव्हा बराच जवळ असेल, पण तो २२०० फेऱ्यांना, आणि पेरणी आपण १४५० ला करता. तेथे स्फोट ३६ हर्ट्झचे आणि क्रँकचा फेरा २४ चा, दोन्ही ६५ पासून पुरेसे दूर आहेत. त्यापेक्षा कमी आले तर चौकोनी पाइपात कोरडी बारीक वाळू ठासून भरून दोन्ही तोंडे बंद करावीत. वजनामुळे वारंवारता थोडी उतरेल, पण वाळूच्या कणांच्या घर्षणात कंपनाची ऊर्जा जिरून शिखराची उंची कमी होते. हा उपाय टेकूंनंतर करावा, टेकूंऐवजी नव्हे.