ब्रुअरीतून ग्रोलरमध्ये आणलेली बिअर दुसऱ्या दिवशी का बिघडते?

फेसाळ
गावातल्या छोट्या ब्रुअरीची बिअर नळावर अप्रतिम लागते, पण तीच ग्रोलरमध्ये (बिअर घरी न्यायच्या मोठ्या बाटलीत) घरी आणली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गॅस गेलेला असतो आणि चव ओल्या पुठ्ठ्यासारखी होते. ग्रोलर 1.89 लिटरचा, तपकिरी काचेचा, फिरकीच्या झाकणाचा आहे, फ्रिजमध्येच असतो. चूक भरताना होते, आणताना की ओतताना? शिवाय, ब्रुअरीत बसून पाच-सहा प्रकार चाखायचे तर क्रम कसा लावावा?

माल्टमित्र
ओला पुठ्ठा म्हणजे ऑक्सिजन. चूक बहुधा भरतानाच होते आहे.

ग्रोलर नुसता नळाखाली धरला की बिअर उंचावरून आपटते, गॅस सुटतो आणि हवा मिसळते. नळाला ग्रोलरच्या तळापर्यंत पोचणारी नळी लावायला सांगा. आधी त्याच नळीने किंवा वेगळ्या जोडणीने आत कार्बन डायऑक्साइड सोडून हवा बाहेर काढायची, मग तळापासून सावकाश भरायचं. शेवटी फेस तोंडाशी आला की त्या फेसावरच झाकण फिरवायचं, कारण फेसाच्या बुडबुड्यांत हवा नसते, बिअरचाच गॅस असतो. मात्र द्रव काठोकाठ नको, साधारण 5 टक्के जागा मोकळी हवी.

ग्रोलर कोमट असेल तर हे सगळं व्यर्थ. बिअर काचेला लागताच फसफसते आणि बराच गॅस तिथेच जातो. घरून निघताना तो फ्रिजमधून काढून, थंड पिशवीत घालून न्या.

नळीने भरलेली बिअर न उघडता दोन-तीन दिवस चांगली राहते. ब्रुअरीकडे दाबाखाली भरायचं यंत्र असेल तर एक-दोन आठवडेही जातात. उघडल्यावर मात्र त्याच दिवशी संपवा. भरपूर हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं) घातलेली आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, सगळ्यात आधी प्या, तिचा सुगंध सर्वांत लवकर उडतो. गढूळ आयपीएचा रंग करडा-तपकिरी दिसू लागला तर ती ऑक्सिजनने गेली असं समजा.

नळतोटी
वरच्या उत्तरात झाकण राहिलं. आतली मऊ चकती एकदा दाबली गेली की तिच्यावर काचेचा वळ उठतो आणि दुसऱ्या वेळी गॅस झिरपतो. दर वेळी नवं झाकण मागा. भरून झाल्यावर ग्रोलर क्षणभर आडवा धरा, कडेला ओल आली तर तिथेच बदलून घ्या.

आणताना उन्हात ठेवलेली गाडी टाळा. नेहमीच्या गॅसच्या बिअरचा दाब 4 अंशांवर 12 पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं एकक) आसपास असतो, 30 अंशांवर तो तिपटीहून जास्त होतो. साधी काच त्या दाबासाठी बनवलेली नसते, ग्रोलर फुटू शकतो. फ्रीझरमध्ये ठेवून विसरणंही तितकंच धोक्याचं.

उजेडाचंही तसंच आहे. प्रकाशाने हॉप्समधल्या कडू द्रव्याचं विघटन होऊन उग्र, कुबट वास येतो. तपकिरी काच बरंचसं थांबवते, हिरवी थोडंच, पारदर्शक जवळजवळ नाहीच. पेल्यात ओतलेली बिअर तर भर उन्हात काही मिनिटांत बिघडते. बाहेर बसणार असाल तर सावलीतलं टेबल धरा.

ग्रोलर रिकामा झाला की लगेच गरम पाण्याने तीन-चारदा विसळा आणि झाकण न लावता उलटा वाळवा. तळाशी राहिलेले दोन थेंब पुढची बिअर आंबवायला पुरेसे असतात.

फेसाळ
झाकण जुनंच वापरत होतो, भरणंही नळाखाली धरूनच. पण फेस टिकत नाही, तेही त्यामुळेच का?

पिल्सनरपंथी
गॅस गेला की फेस कमी येतोच, पण आलेला फेस लगेच बसत असेल तर पेला तपासा. तेलाचा किंवा साबणाचा पातळ थर फेस मोडतो. स्वच्छ पेला ओला केला की पाणी सलग पसरतं, थेंब थेंब होत नाही. बिअर ओतल्यावर आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून राहिले तर पेला मळका आहे. बिअरचे पेले वेगळ्या घासणीने धुवा, फडक्याने पुसू नका, ओतण्याआधी गार पाण्याने विसळा.

पेला 45 अंशांत तिरका धरून अर्धा भरा, मग सरळ करून मधोमध ओता. दोन-तीन सेंटिमीटर फेस हवाच, सुगंध त्यातूनच वर येतो. पिल्सनर (फिकट, हलकी बिअर) 4 ते 7 अंशांना प्यावी, आयपीए 7 ते 10, स्टाउट (गडद बिअर) 10 ते 13. फ्रिजमधून काढून लगेच प्यायलेला स्टाउट नुसता कडू लागतो, भाजलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा दहा-पंधरा मिनिटांनी उमलतो. कृपया पेला बर्फात ठेवू नका, थंडीने जीभ बधिर होते.

चाखण्याचा क्रम: पिल्सनर, मग गव्हाची हेफेवायझन, पेल एल, आयपीए, शेवटी स्टाउट आणि 8 टक्क्यांहून जास्त अल्कोहोलच्या. आंबट बिअर असेल तर आयपीएच्या आधी. प्रत्येकी 100 मिलि पुरे, मध्ये साधं पाणी. परतीची गाडी न पिणाऱ्याने चालवावी.

वास ओळखायला शिका, त्यातच खरी गोडी आहे. केळं आणि लवंग हेफेवायझनमध्ये यीस्टची देणगी, पिल्सनरमध्ये तोच दोष. लोण्याचा वास आला तर यीस्टला काम पुरं करायला वेळ मिळालेला नसतो. पण एकाच जागी सगळ्याच बिअरना लोणी किंवा आंबट झाक असेल तर नळाच्या नळ्या मळलेल्या आहेत, त्या दर दोन आठवड्यांनी धुवाव्या लागतात. आचाऱ्याला मीठ जास्त झाल्याचं सांगतो तसं बनवणाऱ्याला सरळ सांगा: कोणती बिअर, कोणता नळ, कसला वास. छोट्या ब्रुअरीत बिअर बनवणारा माणूस बहुतेकदा तिथेच असतो.