आई पाय धुऊ देत नाही

नगरवाला

सर्वांना सलाम. प्रश्न घरचा आहे, पण उत्तर मला बायबलच्या वचनाला धरून हवंय, म्हणून इथे विचारतो.

माझी आई ७९ वर्षांची. मिशनच्या दवाखान्यात तिने ३४ वर्षं नर्सचं काम केलं, त्यातली ११ वर्षं कुष्ठरोग्यांच्या वॉर्डात. मधुमेह जुना आहे. या एप्रिलमध्ये ती घरात मोजे घालून फिरायला लागली. विचारलं तर म्हणाली, फरशी गार लागते. नगरच्या एप्रिलात फरशी गार कशी लागेल, एवढं तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं. पंधरा दिवसांनी खोलीत वास यायला लागला तेव्हा मोजा काढायला लावला. उजव्या अंगठ्याखाली, तळव्याला, जुन्या आठ आण्याएवढी जखम. कडा पांढऱ्या, मध्ये काळी. जुन्या लुगड्याची चिंधी फाडून तिने स्वतःच पट्टी बांधली होती, आणि ती पट्टी इतकी नेटकी होती की मला ती सोडवताना रडू आलं.

डॉक्टरांनी रोज पाय धुऊन, कोरडा करून ड्रेसिंग करायला सांगितलंय. आईचे गुडघे गेलेत, वाकता येत नाही. मी करतो म्हटलं तर पाय आत ओढून घेते. “लेकाने आईच्या पायाचा पू पुसायचा? एवढे दिवस नाही आलेत माझ्यावर.” सुनेलाही हात लावू देत नाही. पगारी नर्स ठेवली, तर तिला चहा पाजून दुसऱ्या दिवशी बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं.

आमच्या मंडळीत ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय, योहान १३, वाचायचा मान वर्षानुवर्षं आईचा. प्रभू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, पेत्र नको म्हणतो, प्रभू त्याला सांगतो की तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. हे सगळं तिला पाठ आहे. आता मी तोच अध्याय काढून तिच्यासमोर बसू का? की ते वचन तिच्या तोंडावर फेकल्यासारखं होईल? जिने जन्मभर दुसऱ्याचं केलं तिला दुसऱ्याकडून करून घ्यायला कसं सांगावं, ते मला कळत नाही. जखम तर थांबून राहत नाही.

वाडीवरची, वसई

दादा, आम्ही कॅथलिक, त्यामुळे त्या गुरुवारी आमच्या चर्चमध्ये फादर खरोखर बारा जणांचे पाय धुतात. पूर्वी हे बाराही पुरुषच असायचे. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये रोममधल्या अल्पवयीनांच्या तुरुंगात जाऊन १२ जणांचे पाय धुतले, त्यात मुली होत्या, मुसलमानही होते. पुढे जानेवारी २०१६ मध्ये नियमच बदलला आणि बायकांनाही त्यात बसायची वाट मोकळी झाली.

नंतर आमच्या गावातून माझ्या आईचं नाव आलं. आई वाडीत राबणारी, पहाटे भाजीच्या टोपल्या बाजारात नेणारी. टाचांना अशा भेगा की त्यात माती कायमची बसलेली. आदल्या दिवशी ती विहिरीपाशी तासभर वजरीने टाचा घासत बसली. रक्त आलं तरी घासतेय. मी म्हटलं, आई, उद्या फादर धुणारच आहेत ना? तर म्हणाली, “असे पाय फादरांच्या हातात द्यायचे?” आणि दुसऱ्या दिवशी फादर तिच्यापुढे गुडघ्यावर बसले तेव्हा तिने पाय मागे घेतलाच. फादर काही बोलले नाहीत, तांब्या तसाच धरून थांबले. बाकीच्यांची रांग खोळंबली तरी थांबले. शेवटी तिनेच पाय पुढे केला.

तुमची आई हट्टी आहे असं मला वाटत नाही. तिला तुमच्यापासून ती घाण लांब ठेवायची आहे. थोडं थांबा, पण तांब्या खाली ठेवू नका.

शेवगाव, सध्या पिंपरी

मला थोडं वेगळं सांगायचंय. मंडळीत ‘नम्रपणे सेवा करा’ हे ज्या सहजतेने सांगितलं जातं, त्याने माझ्या पोटात खड्डा पडतो. माझ्या पणजोबांनी गावकीची कामं केली. मेलेलं जनावर ओढायचं, पाटलाच्या वाड्यावर सरपण फोडायचं, आणि वर जोहार घालायचा. ती सेवा कुणी प्रेमाने केली नव्हती. आपल्या भागातली किती ख्रिस्ती घरं याच वस्त्यांमधून आली, हे आपण सगळे जाणतो. अशा घरातल्या बाईच्या अंगावर नर्सचा पांढरा गणवेश आला, तेव्हा तिचा हात पहिल्यांदा देणारा हात झाला. आता त्याच हाताने पुन्हा घ्यायचं, कुणाच्या उपकाराखाली यायचं, हे तिला जड जात असेल. तुमच्या घरचं मला माहीत नाही, माझ्या आजीचं असंच होतं.

म्हणून योहान १३ वाचाल तेव्हा तिसरं वचन गाळू नका. पित्याने सगळं आपल्या हाती दिलंय, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जातोय, हे येशूला ठाऊक होतं, आणि म्हणून तो भोजनावरून उठला, असं तिथे लिहिलंय. त्याला कुणी वाकवलं नाही, तो वाकला. आपल्याकडे लग्नात मुलीचा बाप जावयाचे पाय धुतो, म्हणजे पाणी कायम खालून वर जातं. त्या रात्री गुरूने शिष्यांचे धुतले. आणि त्याला धरून देणारा यहूदा तोवर उठून गेलेला नव्हता, म्हणजे त्याचेही धुतले. लायकी बघून धुतलेच नाहीत. तुमच्या आईच्या मनात कुठे ‘मी आता कामाची उरले नाही’ असं असेल, तर तिथे हात लावून बघा.

दौंडकडची मावशी

माझी आजी केडगावला मुक्तीत, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या आश्रमात वाढली, त्यामुळे त्यांची ही गोष्ट आमच्या घरात जेवताना निघायची. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेजच्या मठातल्या सिस्टरांनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं आपलं काम दाखवलं. समाजाने टाकून दिलेल्या बायका तिथे सांभाळल्या जात होत्या, आणि त्यांच्यातल्याच काही सावरून आता आजाऱ्यांची सेवा करत होत्या. रमाबाईंनी असं कधी पाहिलं नव्हतं. हे तुम्ही कशासाठी करता, असं त्यांनी विचारलं, तर एका सिस्टरने त्यांना योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला, विहिरीवरच्या शोमरोनी बाईचा.

आजी नेहमी एकाच जागी बोट ठेवायची. प्रभूने त्या बाईला आधी काय दिलं? काहीच नाही. आधी मागितलं. मला प्यायला पाणी दे म्हणाला. दमलेला होता, तहानलेला होता, आणि जिच्या हातचं कुणा यहूद्याने घेतलं नसतं तिच्याकडे मागितलं. तिच्या पाण्याचं पुढे काय झालं हे लिहिलेलंसुद्धा नाही.

बाळा, तू आईकडे रोज द्यायला जातोस. एकदा मागायला जा.

निवृत्त सिस्टर, मिरज

वचनाचं वरच्या मंडळींनी सांगितलंय. मी कामाचं सांगते, कारण मला त्या काळ्या भागाची काळजी वाटतेय.

कुष्ठरोगाने आणि मधुमेहाने पायाचं एकच होतं, पाय बधिर होतो. डॉ. पॉल ब्रँड १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात होते. कुष्ठरोगाने बोटं आपोआप झडत नाहीत, वेदना कळत नाही म्हणून तिथे जखमांवर जखमा होतात, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. पुढे तेच ज्ञान मधुमेहाच्या पायांसाठी वापरलं गेलं. तुमच्या आईने ११ वर्षं असेच पाय धुतलेत. तिच्या पायाला काय झालंय हे तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं, आणि भीतीही त्यामुळेच जास्त असणार.

पाणी कोमट, आणि ते तुमच्या कोपराने बघा, तिच्या पायाने नाही. तिला चटका कळणार नाही. पाय पाण्यात बुडवून ठेवायचा नाही. धुतल्यावर बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करा, घासू नका. अनवाणी एक पाऊलही नको. लाली वर चढताना दिसली, ताप आला किंवा काळा भाग वाढला तर त्याच दिवशी दवाखाना, मग आई रागावली तरी चालेल.

नगरवाला

सर्वांचे आभार. मावशी, तुमचं ऐकलं.

परवा रात्री आईला म्हटलं, तुझ्याकडे एक मागायचंय. वॉर्डात कुणी पाय द्यायला नको म्हणायचं का? बराच वेळ बोलली नाही. मग सांगायला लागली. नवीन असताना एक म्हातारा होता, जामखेडकडचा, आधी वहाणा शिवायचा. पाय घोंगडीखाली दडवायचा आणि कुणी जवळ आलं की शिव्या द्यायचा. आई चार दिवस भांडं घेऊन परत गेली. पाचव्या दिवशी ती त्याच्या पायाशी जमिनीवर बसली, आपल्या चपलेचा तुटलेला अंगठा काढून दाखवला आणि म्हणाली, बाबा, हा कसा शिवायचा? त्याला बोटं उरली नव्हती. तो तोंडाने सांगायला लागला, दोरा दुहेरी घे, मेण लाव, आतून टोच. ती टोचत होती आणि तो पुढे वाकून बघत होता. वाकायच्या नादात घोंगडी सरकली. त्या दिवशी तिने त्याचा पाय धुतला.

हे सांगून झाल्यावर ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, मला पट्टी बांधायला शिकव. तुझ्यासारखी.

काल सकाळी खुर्चीसमोर पाट घेऊन बसलो. कोपर पाण्यात घातलं तर म्हणाली, “हे तुला कुणी सांगितलं?” मिरजेच्या सिस्टरांनी म्हटलं. “बरोबर सांगितलंय.” पाय तिने स्वतः उचलून माझ्या मांडीवर ठेवला. किती हलका झालाय तो. पट्टी मला तीनदा सोडायला लावली. आठाचा आकडा घालताना मी टाचेकडे ढिली सोडत होतो. जखम स्वतः बघता यावी म्हणून तिने माझ्या बायकोकडून आरसा मागून घेतला, खाली धरायला लावला, आणि डॉक्टरांना काय काय विचारायचं ते मला कागदावर लिहून घ्यायला सांगितलं. उद्या घेऊन जातोय.

आज सकाळी मी टॉवेल घेतला तर तिने हात आडवा केला. मला वाटलं, झालं, पुन्हा नको म्हणतेय. म्हणाली, “हा खरखरीत आहे, नव्या कातडीला चालायचा नाही. कपाटात खालच्या कप्प्यात माझं मऊ लुगडं आहे, ते फाड.”