रेव्हेन्यू शेअर की एरिया शेअर

एकांनी लिहिलंय की जॉइंट डेव्हलपमेंटमध्ये (जमीन मालकाची, बांधकाम बिल्डरचं) जमीनमालकाने डोळे झाकून रेव्हेन्यू शेअर, म्हणजे फ्लॅट विक्रीच्या पैशातली ठरलेली टक्केवारी, घ्यावा, मला नाही पटत. रेव्हेन्यू शेअरमध्ये फ्लॅट किती रेटने विकायचा हे बिल्डरच ठरवतो, आणि पार्किंग, क्लब हाऊस, फ्लोअर राइज (वरच्या मजल्यासाठी जास्तीचा दर) हे पैसे 'रेव्हेन्यू' मध्ये धरायचे की नाही यावरच सगळी भांडणं होतात, आमच्या काकांचं तेच झालं, अॅग्रीमेंटमध्ये फक्त 'विक्री किंमत' लिहिलेलं आणि पार्किंगचे पैसे वेगळ्या खात्यात गेले. एस्क्रो अकाउंट (विक्रीचे पैसे ठरलेल्या अटींनुसारच बाहेर पडतात असं बँक खातं) आणि त्यातून थेट टक्केवारीने वाटप असेल तरच रेव्हेन्यू शेअर घ्या.

एरिया शेअरमध्ये, म्हणजे पैशांऐवजी बांधलेल्या फ्लॅटमध्ये हिस्सा घेतला तर, निदान कुठले फ्लॅट आपले हे आधीच ठरतं. आणि टॅक्सचं बघा, २०१७ च्या बजेटपासून रजिस्टर्ड करार असेल तर वैयक्तिक मालकाला कॅपिटल गेन टॅक्स (जमिनीवरच्या नफ्याचा कर) कम्प्लिशन सर्टिफिकेट (बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला) मिळालेल्या वर्षी लागतो, करार केलेल्या वर्षी नाही, पण त्याआधी आपला हिस्सा दुसऱ्याला विकला तर ही सवलत जाते, फ्लॅटसोबत बिल्डर जे पैसे देतो त्यावर १०% टीडीएस (देतानाच कापलेला कर) तर कापतातच.

अजून एक, हिस्सा घेणारा जमीनमालक महारेरात (महाराष्ट्राचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) को-प्रमोटर, म्हणजे बिल्डरसोबतचा सह-प्रवर्तक, धरला जातो, त्यामुळे कुठल्या जबाबदाऱ्या कोणाच्या ते करारात स्पष्ट लिहून घ्याच. एजंटचं कमिशन कोण देणार तेही.