वितळायच्या आत : मुंबईतल्या आइस्क्रीमचे आणि इतर गारेगार गोडाचे अनुभव

मुंबईत आइस्क्रीम निवांत बसून खायला मिळेलच, असे नाही. जुन्या दुकानांत चार माणसे उभी राहिली की दुकान भरते. मग हातातला ऐवज सांभाळत पदपथावर यावे लागते आणि तिथली दमट हवा आपल्याआधी त्यावर ताव मारायला लागते. या घाईवर प्रत्येक जुन्या दुकानाने आपापला तोडगा काढलेला आहे, असे माझे निरीक्षण आहे, आणि त्याबद्दल आपणा सर्वांकडून ऐकावे म्हणून हे आवाहन करत आहे. दुकानांच्या याद्या नकोत, त्या कुठेही मिळतात. आपण स्वतः कुठे गेलात, काय घेतलेत, ते कशात घालून दिले आणि वितळायच्या आत संपले का, एवढे लिहावे. वाईट अनुभवही लिहावेत, फक्त दुकानाचे नाव घेऊ नये. सुरुवात मीच करते. त्यानंतर आपण पाठवलेली उत्तरे, बहुतेक लिहिणाऱ्याच्या भागाच्या नावाखाली, दिली आहेत.

माझी पहिली नोकरी फोर्टातली. पगाराच्या दिवशी चर्चगेट स्थानकात शिरण्याऐवजी मी वीर नरिमन मार्गाने मरीन ड्राइव्हच्या दिशेने चालू लागे, कारण ब्रेबर्न स्टेडियमच्या इमारतीत के. रुस्तम आहे. १९५३ पासूनच्या या दुकानात आइस्क्रीमची जाड वडी दोन पातळ वेफर बिस्किटांच्या मधे ठेवून देतात. कप नाही, चमचा नाही. पहिले मिनिटभर वेफर कुरकुरीत असते, त्यानंतर ते ओल्या पुठ्ठ्यासारखे होऊ लागते आणि चौथ्या मिनिटाला बिस्किट संपले कुठे आणि आइस्क्रीम सुरू झाले कुठे ते कळेनासे होते. नवखा माणूस समोरून चावा घेतो आणि मागच्या बाजूने वडी मनगटावर उतरते. जाणकार मात्र आधी चारही कडांवरून जीभ फिरवून घेतो आणि मगच दात लावतो. हे मला कोणी शिकवले नाही. एक आकाशी रंगाची साडी खराब झाली, तेव्हा शिकले. अक्रोडाचा स्वाद माझा ठरलेला आहे.

गिरगाव

आमच्या चाळीत मे महिन्यात आइस्क्रीमचे पॉट भाड्याने येत असे. लाकडी पिंप, त्यात उभा धातूचा डबा आणि दोहोंच्या मधल्या पोकळीत फोडलेला बर्फ व खडे मीठ थरावर थर, अशी त्याची रचना होती. आटवलेल्या दुधात हापूसचा रस घालून डबा भरायचा आणि मुलांनी पाळीपाळीने दांडा फिरवायचा. सुरुवातीला दांडा इतका हलका फिरे की लहानग्यांनाही आधी आपलाच नंबर हवा असे, पाऊण तासाने तोच दांडा मोठ्या दादालोकांनाही आवरेनासा झाला की आजी म्हणे, "धरलं बरं का." एका वर्षी डब्याचे झाकण नीट बसले नाही आणि मिठाचे पाणी आत शिरले. दोन डझन आंब्यांचे ते आइस्क्रीम कोणालाही खाववेना, आणि आजी मात्र मुकाट्याने आपली वाटी संपवत होती, कारण पैसे तिचे होते.

त्या दिवशी संध्याकाळी काकांनी आम्हा सगळ्यांना चौपाटीसमोरच्या न्यू कुल्फी सेंटरमध्ये नेले. तिथे कुल्फी काडीला लावून देत नाहीत, तागडीत घालून विकतात. साच्यातून काढलेली कुल्फी सुरीने कापायची आणि वजन करून बशीत द्यायची. सोनाराच्या दुकानात लावावी तशी नजर लावून आम्ही तो काटा पाहत होतो. मलईची आणि पिस्त्याची कुल्फी इतकी घट्ट असते की कापलेल्या तुकड्यांच्या कडा बराच वेळ धारदार राहतात, त्यामुळे वाळूपर्यंत चालत जाण्याइतकी सवड मिळते. आजही पाहुणे आले की मी त्यांना तिथेच नेतो.

दुग्धव्यवसायात नोकरी केलेला एक वाचक

वजनाचा उल्लेख आला म्हणून लिहितो. तागडीने विकलेल्या कुल्फीत आणि गोळ्याने विकलेल्या आइस्क्रीममध्ये मोठा फरक हवेचा आहे. आइस्क्रीम गोठत असताना घुसळले जाते, त्यामुळे त्यात हवा शिरते आणि ते मऊ, हलके होते. कुल्फी साच्यात न ढवळता गोठते, म्हणून ती जड आणि दाट राहते व सावकाश वितळते. आपल्याकडच्या अन्न सुरक्षा नियमांनुसार एक लिटर आइस्क्रीमचे वजन निदान ५२५ ग्रॅम असावे लागते. हवा नसलेल्या एक लिटर मिश्रणाचे वजन किलोच्या थोडे वरच भरते. म्हणजे नियमाच्या अगदी कडेवर चालणाऱ्या उत्पादकाच्या डब्यात जवळजवळ अर्धी हवाच असू शकते. ही फसवणूक नव्हे, कारण हवेशिवाय आइस्क्रीम चमच्याने निघणारच नाही. पण लिटरवर विकत घेताना आपण काय घेतो ते ठाऊक असावे.

दुसरे असे, की नुसत्या 'आइस्क्रीम' या नावाने जे विकले जाते त्यात दुधातला स्निग्धांश निदान १० टक्के असावा लागतो. वनस्पती तेल वापरले असेल तर वेष्टनावर 'फ्रोझन डेझर्ट' असे लिहावे लागते. ही अक्षरे बहुधा लहान असतात. चष्मा लावून वाचावीत.

गिरगावकरांच्या खड्या मिठाचेही कारण आहे. दुधात साखर असल्यामुळे ते शून्य अंशाला गोठत नाही, त्याखाली न्यावे लागते, आणि नुसता बर्फ शून्याच्या खाली जात नाही. मीठ मिसळले की बर्फ वितळू लागतो, वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो आणि ते मिश्रण योग्य प्रमाणात उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. तुमची आजी शास्त्रानेच चालली होती, झाकणाने दगा दिला.

माझगाव

हे मीठ-बर्फाचे लाकडी पिंप आजही चालताना पाहायचे असेल तर भेंडी बाजारातल्या बोहरी मोहल्ल्यात ताज आइस्क्रीममध्ये जावे. हे दुकान १८८७ पासूनचे असून तिथे या यंत्राला 'संचा' म्हणतात. माझ्या शाळेतला एक बोहरी मित्र मला पहिल्यांदा तिथे घेऊन गेला, तेव्हा तो म्हणाला होता, "चल, चावायचं आइस्क्रीम खाऊ." ते तसेच आहे. संच्यातले आइस्क्रीम दाट, किंचित रवाळ, आणि फळ अगदी उघडपणे जिभेला लागणारे असते. सीताफळाचे घेतले तर गर दाताखाली येतो. मी शक्यतो ज्या महिन्यात जे फळ बाजारात असते तेच मागतो आणि आजवर माझी निराशा झालेली नाही.

रमजानमध्ये थोडे पुढे मिनारा मशिदीकडे गेलो की फिरनीचे कसोरे रचून ठेवलेले असतात. मातीचा कसोरा पाणी शोषून घेतो, त्यामुळे फिरनी वर घट्ट बसते आणि गार राहते. शेवटचा घास खरवडताना मातीचा वास येतो, तो मला फिरनीइतकाच आवडतो. याच दिवसांत तिथे वाफवलेले तांदळाचे सांदणही मिळते, वर मलई घालून. आमच्या रत्नागिरीकडच्या आईला ते दाखवले, तेव्हा तिने आधी संशयाने हुंगले, मग दोन खाल्ले आणि "आपलंच आहे की हे" असा निकाल दिला.

दादर

पियूष चालेल का? आइस्क्रीम नाही हे मान्य, पण दादरला राहणाऱ्या माणसाला गार गोड म्हटले की आधी तेच आठवते. शिवाजी पार्काजवळच्या प्रकाशमध्ये साबुदाणा वडा संपवून पियूषचा पेला समोर ओढायचा, हा आमच्या घरातला शनिवारचा परिपाठ होता. श्रीखंड आणि ताक यांच्या मेळातून होणाऱ्या या पेयात जायफळ किंचित जास्त झाले की पुढचा तास डुलक्यांत जातो. पियूष पिताना घोट घ्यावा की चमचा वापरावा यावर माझ्या आईवडिलांचे कधीही एकमत झाले नाही. यात वितळण्याचा प्रश्न नाही, त्यामुळे आवाहनातल्या कसोटीला ते आपोआप उतरते, असा माझा दावा आहे.

(दावा मान्य आहे. – आवाहन करणारी)

विलेपार्ले

आम्ही पार्ल्याचे, त्यामुळे आमचे आइस्क्रीम जुहूचे. रघुनंदन कामत यांनी १९८४ साली जुहूला नॅचरल सुरू केले, तेव्हा मी महाविद्यालयात होतो. आज अनेकांना ठाऊक नसेल, पण सुरुवातीला तिथे पावभाजीसुद्धा मिळत असे. पावभाजीने तोंड पोळले की माणूस आपण होऊन आइस्क्रीमकडे वळतो, हा त्यामागचा हिशोब होता आणि तो आमच्यावर तरी पूर्णपणे लागू पडला. कामतांचे वडील कर्नाटकातल्या मुल्कीचे, फळे विकणारे. फळ पिकले आहे की नाही हे हाताने ओळखण्याची विद्या घरातूनच आलेली, असे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते, आणि शहाळ्याचे आइस्क्रीम खाताना ते पटते. त्यात पातळ मलईचे खरेखुरे तुकडे असतात. ज्या काळात आइस्क्रीम म्हणजे व्हॅनिला, स्ट्रॉबेरी आणि पिस्ता एवढेच रंग आम्हाला माहीत होते, त्या काळात चिकू आणि फणस आइस्क्रीममध्ये घालणे हे धाडसच होते. २०२४ च्या मे महिन्यात कामत गेल्याची बातमी आली, त्या संध्याकाळी आम्ही जुने चौघे मित्र न ठरवता एकाच दुकानात भेटलो.

बोरिवली

माझे दोन अनुभव आहेत आणि दोन्ही वितळल्याचेच आहेत.

पहिल्यात दोष माझा. वडिलांचे गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते आणि त्यांना चर्चगेटचे वेफरमधले आइस्क्रीम हवे होते, जे आमच्या घरापासून लोकलने तासाभराच्या अंतरावर आहे. मी वडी वर्तमानपत्राच्या सहा थरांत गुंडाळली, थर्मोकोलच्या डब्यात ठेवली, वेफर वेगळी घेतली आणि जलद गाडी पकडली. जुलै महिना होता. दादर सुटल्यावर गाडी थांबली आणि पुढची चाळीस मिनिटे हललीच नाही. डब्यातले काही तरी माझ्या मांडीवर गार गार ओघळू लागले, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी मासळी आहे का म्हणून चौकशी केली. आइस्क्रीम आहे असे सांगितल्यावर त्यांनी अंग चोरून घेण्याऐवजी मला पाय पसरायला जागा दिली, हे मला मुंबईचे वैशिष्ट्य वाटते. घरी पोहोचल्यावर वडिलांनी ते पेल्यात ओतून घेतले, त्यात वेफर बुडवून खाल्ले आणि चव तीच असल्याचा निर्वाळा दिला.

दुसरा अनुभव आमच्याच उपनगरातल्या एका चकचकीत दुकानाचा. दर चढे, दिवे मंद, आणि सीताफळाचा गोळा तोंडात घातला तर बर्फाचे खडे कचकन दाताखाली. वर ज्यांनी हवेबद्दल लिहिले आहे त्यांना विचारायचे आहे, की असे का होते? तक्रार केली तेव्हा "फळाचे असते तसे" असे उत्तर मिळाले. फळाचे तसे नसते, एवढे मला माझगावकरांइतकेच ठाऊक आहे.

दुग्धव्यवसायातला वाचक, पुन्हा

आइस्क्रीम एकदा सैल होऊन पुन्हा गोठले की असे होते. वीज गेली, डबा फ्रीजरबाहेर राहिला, किंवा फ्रीजरचे झाकण दिवसभर उघडझाप होत राहिले, तर बर्फाचे बारीक कण वितळून मोठ्या स्फटिकांना चिकटतात आणि ते पुन्हा पहिल्यासारखे बारीक होत नाहीत. घरी आणलेल्या डब्याच्या झाकणाखाली बर्फाची भुकटी साठलेली दिसली तरीही बहुधा हेच झालेले असते.

मलबार हिल

चौपाटीसमोरच्या बॅचलर्समध्ये हिरव्या मिरचीचे आइस्क्रीम मिळते. खाल्ले. आधी गार लागते, मग तिखट, आणि तिखट लागले म्हणून आपण पुन्हा त्याच्याकडेच वळतो. पार्लेकरांची पावभाजी इथे आतच घातलेली आहे, असे म्हणा हवे तर.

लालबाग

माझ्या बहिणीच्या लग्नाची खरेदी क्रॉफर्ड मार्केटला झाली आणि त्या सबंध महिन्यात आई, मावशी व मी मिळून बादशाहचा फालुदा किती वेळा खाल्ला असेल, त्याचा हिशोब लग्नाच्या खर्चात धरलेला नाही. मार्केटसमोरचे हे दुकान १९०५ पासूनचे. उंच पेल्यात तळाशी गुलाबाचे सरबत, त्यात फुगलेला सब्जा, मग शेवया, दूध आणि सर्वांत वर आइस्क्रीम. इथे वितळण्याची भीती नसते, कारण वितळणे हाच बेत असतो. आइस्क्रीम दुधात उतरले, दूध गुलाबी झाले की पदार्थ तयार.

मावशी मात्र वरचे आइस्क्रीम आधी संपवत असे आणि मग उरलेल्याला चव नाही म्हणून आईच्या पेल्यात चमचा घालत असे. आईने ते महिनाभर चालवून घेतले. शेवटच्या खेपेला तिने वेटरला हाक मारून सांगितले, "हिच्यासाठी आइस्क्रीम वेगळं द्या, आणि फालुदे दोनच आणा."